तातडीचे कर्ज आणि आपला तरुण कारागीर

(आपल्या सुतार ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यात पौड, तालुका मुळशी, येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच पार पडला. पुढे स्नेहभोजन आहे. या दोन गोड प्रसंगांच्या मध्ये कर्जासारख्या कडू विषयावर बोलण्याचे काम चालकांनी आम्हांकडे सोपविले आहे. आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. पन्नास वर्षे रंधा आणि पटाशी चालविलेला आम्ही एक कारागीर आहोत. परंतु कर्ज म्हणजे काय हे पुस्तकात वाचण्यापूर्वीच आम्ही अंगावर घेऊन पाहिले आहे, आणि तेवढ्याच अधिकाराने चार शब्द बोलणार आहोत.

आपल्या वाडवडिलांना धंद्यासाठी कर्ज काढण्याचा प्रसंग क्वचितच येई. लाकूड कुणब्याचे, हत्यारे आपली, आणि मेहनतीचा मोबदला सुगीच्या वेळी खळ्यावर बलुत्याच्या रूपाने मिळे. नांगर, कुळव, पाभर, गाडीची चाके, सारे काम या हिशेबात होई. बलुत्याचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. त्या व्यवस्थेत मान कमी होता आणि मागणे फार होते. तथापि तिच्यात एक गोष्ट होती : काम सुरू करण्यासाठी कारागिराला खिशातून रोख रक्कम घालावी लागत नसे.

आज स्थिती पालटली आहे. याच तालुक्यात पिरंगुटच्या बाजूला कारखाने आले, हिंजवडीला संगणक-उद्योगाची नगरी वसली, धरणाच्या काठाने बंगले उभे राहिले. आपल्या मुलांना काम नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु आता लाकूड आपण आणावयाचे, प्लायवूड आपण आणावयाचे, बिजागऱ्या व कडीकोयंडे आपण आणावयाचे, मदतनिसाची मजुरी शनिवारी चुकती करावयाची, आणि मालकाकडून पैसे काम उरकल्यावर, कधी महिन्याने तर कधी दोन महिन्यांनी मिळावयाचे. मधल्या काळाची भरपाई करण्यासाठी वीस-तीस हजार रुपये हवे असतात आणि ते दोन दिवसांत हवे असतात. नोकरदाराजवळ पगाराचा कागद असतो. स्वतंत्र धंदा करणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाजवळ दोन हात आणि एक भ्रमणध्वनी एवढेच भांडवल असते. बँक त्याला 'उद्या या' म्हणते आणि त्याचे काम उद्यापर्यंत थांबत नाही. आमचा विषय येथे सुरू होतो.

प्रथम आमची स्वतःची गोष्ट सांगतो. १९७६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, आम्ही वडिलांपासून वेगळे होऊन स्वतःचे काम धरले. एका घराच्या दारे-खिडक्यांचे काम मिळाले आणि सागवानासाठी ३०० रुपये कमी पडले. आदल्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने कर्जमुक्तीचा कायदा केला होता, आणि त्याच्या मर्यादेत बसणारे लहान शेतकरी, शेतमजूर व ग्रामीण कारागीर यांची जुनी कर्जे त्याने रद्द झाली होती. पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो कायदा उचलून धरला. कायदा चांगलाच होता. परंतु जुने कर्ज बुडाले म्हणून नवी गरज काही बुडत नाही. उघडपणे देणाऱ्यांनी हात आखडले, आणि जे देत ते झाकून व चढ्या दराने देऊ लागले. आम्ही अशाच एका गृहस्थाकडे गेलो. त्यांचे नाव सांगण्याचे आज कारण नाही. दर ठरला शेकडा दहा, तोही दरमहा. पहिल्या महिन्याचे व्याज त्यांनी आधीच कापून घेतले, म्हणजे हातावर पडले २७० आणि कोऱ्या कागदावर सही झाली ३०० ची. घराचे काम झाले, परंतु मालकाने पैसे तुकड्यातुकड्याने दिले आणि ते पोटात गेले. पुढे चौदा महिने आम्ही दरमहा ३० रुपये नेऊन देत होतो. ४२० रुपये भरले, तरी मुद्दल ३०० चे ३०० जागच्या जागी होते.

शेवटी आमच्या एका चुलत्यांच्या कानावर ही गोष्ट गेली. त्यांनी आम्हांस एका बाजूला बोलावून एवढेच विचारले, "किती?" आम्ही आकडा सांगितला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ३०० रुपये हातावर ठेवले आणि म्हणाले, "तुला जमेल तसे आणून दे." आम्ही त्यांनाही दरमहा ३० रुपयेच देत गेलो आणि दहाव्या महिन्यात फिटलो. तोच हप्ता, तोच मनुष्य, तीच कमाई. एका ठिकाणी चौदा महिन्यांत एक पैसा फिटला नाही, दुसऱ्या ठिकाणी दहा महिन्यांत सर्व फिटले. कर्ज वाईट की चांगले, याचे उत्तर घेणाऱ्याच्या स्वभावाइतकेच कर्जाच्या घडणीतही असते, हा धडा आम्ही त्या वेळी शिकलो.

आता कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. सावकार गेले, सावकारी गेली. बंधूंनो, ती कोठे गेली हे पाहू या.

या पुणे जिल्ह्यातच १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दारी जाऊन कर्जरोखे हिसकावले आणि त्यांची होळी केली. सरकारला चौकशी मंडळ नेमावे लागले आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. आपल्या मुळशी पेट्याचे उदाहरण तर घरचे आहे. १९२१ साली सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, तेव्हा पुष्कळ जमिनी अगोदरच कर्जापायी पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेलेल्या होत्या. नांगर मावळ्याचा आणि कागद सावकाराचा, अशी ती अवस्था. ज्याचे घर बुडणार होते तो 'जान किंवा जमीन' म्हणत होता, आणि ज्याच्या नावे कागद होता तो मोबदल्याचा हिशेब करीत होता. थोड्या थोड्या रकमेचे कर्ज काढताना आपण केवढ्या वस्तूवर पाणी सोडीत आहोत, हे त्या मावळ्यांच्या आज्यापणज्यांना कोठे ठाऊक होते?

स्वराज्यानंतर रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये ग्रामीण कर्जाची देशव्यापी पाहणी केली. १९५४ च्या तिच्या अहवालात असे दिसून आले, की शेतकऱ्याने काढलेल्या १०० रुपयांच्या कर्जातील सुमारे ७० रुपये सावकारांकडून येत आणि सहकारी संस्थांकडून जेमतेम ३. त्यानंतर सहकार वाढला, बँका खेड्यांत आल्या. २०१४ साली महाराष्ट्रात सावकारीचा नवा कायदा झाला. परवान्यावाचून सावकारी करणे हा त्यान्वये गुन्हा आहे, व्याजाच्या दरावर शासनाची मर्यादा आहे आणि तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते. हे सर्व चांगले झाले. परंतु तेवढ्यात सावकाराने वेष पालटला. पूर्वी आपण त्याच्या ओसरीवर जात होतो, आता तोच आपल्या खिशात येऊन बसला आहे.

भ्रमणध्वनीवरील ॲपची गोष्ट आम्ही बोलत आहोत. सगळीच ॲपे लबाड नव्हेत, हे आधी सांगून टाकतो. परंतु रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासगटाने २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत शोध घेतला, तेव्हा कर्ज देणारी सुमारे १,१०० ॲपे आढळली आणि त्यांपैकी सुमारे ६०० बेकायदेशीर निघाली. त्यांचा हिशेब ऐका. मागावयाचे १०,०००. शुल्क म्हणून ३,००० कापून हातावर येतात ७,०००. सात दिवसांनी भरावयाचे पुरते १०,०००. म्हणजे ७,००० वर एका आठवड्यात ३,००० व्याज झाले. वर्षाचा दर काढला तर तो २,२०० टक्क्यांच्याही वर जातो. त्यापुढे आमचे ते शेकडा दहावाले गृहस्थ संत म्हणावे लागतील. बाजारपेठेत रोजवारीने पैसे देणारे असतात, त्यांचाही हिशेब करून पाहा. ९,००० द्यावयाचे आणि रोज १०० प्रमाणे शंभर दिवस वसूल करावयाचे. वरवर पाहता हजारच रुपये जास्त दिसतात. परंतु मुद्दल पहिल्या दिवसापासून फिटत जाते, सरासरीने निम्मेच आपल्याकडे राहते. त्या मानाने दर वर्षाला सुमारे ८० टक्के पडतो.

गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका तरुणावर असा प्रसंग आला. मुलगा हाताचा चांगला, निर्व्यसनी, तीन कामे हातात. प्लायवूडसाठी त्याने एका ॲपवरून सात हजार उचलले. ते फेडण्यास दुसऱ्यावरून, दुसऱ्याचे फेडण्यास तिसऱ्यावरून. हप्ता चुकला तेव्हा त्या लोकांनी त्याच्या भ्रमणध्वनीतील सर्व नावांना दूरध्वनी केले. त्या नावांत त्याचे मामा होते, होणारे सासरे होते, आणि ज्यांची कामे चालू होती ते तिन्ही मालक होते. दोघा मालकांनी कामे काढून घेतली. मुलाने राउटर आणि कटर विकले, आणि ज्या हत्यारांच्या बळावर कर्ज फेडावयाचे तीच गेली. आज तो दुसऱ्याकडे रोजावर आहे.

आम्ही त्याला विचारले, "अरे, आमचे घर तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. सात हजारांसाठी आमच्याकडे का आला नाहीस?" त्याने मान खाली घालून उत्तर दिले, "तुम्ही दिले असते, पण आधी विचारले असते. ॲपने काही विचारले नाही."

बंधुभगिनींनो, हे उत्तर ऐकल्यापासून आम्हांस स्वस्थता नाही. कारण १९७६ साली आम्हीही त्या गृहस्थांकडे गेलो ते याच कारणाने. चुलत्यांचे घर त्या वेळीही जवळच होते. परंतु वडिलांपासून वेगळे झालो आणि सहा महिन्यांत हात पसरला, असे चारचौघांत होईल, या लाजेने आम्ही तिकडे फिरकलो नाही. तरुण मनुष्य महाग कर्ज घेतो ते त्याला हिशेब येत नाही म्हणूनच घेतो, असे नव्हे. पुष्कळदा अब्रू झाकण्याची किंमत म्हणून तो ते व्याज भरतो. आणि ती किंमत वाढविण्यास आपणच, म्हणजे नातेवाईक व ज्ञातिबांधव, कारणीभूत होतो. कोणी दहा हजार मागितले की ती वार्ता पुढच्या लग्नाच्या मांडवात पोचते. मुलाचे लग्न ठरत असेल तर स्थळाच्या कानावर जाते. सावकाराचा निषेध करताना आपल्या जिभेचाही विचार केला पाहिजे.

आता उपायांकडे वळू. तरुणांना आम्ही प्रथम असे सांगू, की सर्वांत स्वस्त कर्ज म्हणजे विसार. काम स्वीकारताना मालाच्या किमतीइतकी रक्कम आगाऊ मागण्यास संकोचू नका. जो मालक मालाचेही पैसे आधी देण्यास तयार नाही, तो मजुरी वेळेवर देईल हे कशावरून? दुसरे, एकाच दुकानदाराकडून माल घ्या आणि ठरल्या दिवशी पैसे पोचवा. वर्षभरात तो दुकानदार पंधरा दिवसांची उधारी आपण होऊन देऊ लागतो. तिसरे, मुळशीच्या माणसाला पावसाबद्दल काही शिकवावे लागत नाही. पाऊस सुरू झाल्यावर आपण घर शाकारीत नाही, वैशाखातच शाकारतो. कर्जाचेही तसेच आहे. गरज नसताना कागद तयार ठेवा. उद्यम नोंदणी विनामूल्य होते. मिळकत रोख न घेता खात्यावर घेतली तर वर्षभराच्या जमेचा पुरावा आपोआप तयार होतो. एखादे लहान कर्ज वेळेवर फेडले की पतमापनाचा आकडा उभा राहतो, आणि तो आकडाच पुढे तुमचा पगाराचा कागद होतो.

सरकारी योजनांपैकी दोन आपल्या उपयोगाच्या आहेत. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या 'शिशु' वर्गात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकर्म्याच्याच नावाने जी योजना निघाली, तिच्या अठरा व्यवसायांत सुतारकाम आणि लोहारकाम ही दोन्ही आहेत. तिच्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, आणि ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व ते फेडल्यावर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज, अशी तरतूद आहे. हे पैसे दोन दिवसांत मिळत नाहीत, हे खरे. परंतु अवजारे त्यांतून आली तर गाठीचे पैसे अवजारांत अडकत नाहीत, आणि ते मालासाठी मोकळे राहतात.

आणि ॲपवरून कर्ज घ्यावयाचेच असेल तर रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून घालून दिलेले नियम पाठ करा. कर्ज देणारी बँक वा वित्तसंस्था कोणती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. सर्व शुल्क धरून वर्षाचा एकूण दर आधी लेखी दिला पाहिजे. पैसे त्या संस्थेच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात आले पाहिजेत. तुमच्या भ्रमणध्वनीतील नावांच्या यादीला हात लावण्याचा अधिकार ॲपला नाही. यांपैकी एक गोष्ट जरी चुकली तरी ते दार आपले नव्हे असे समजा. त्यातूनही फसलाच, तर दुसरे कर्ज काढून पहिले झाकू नका. १९३० या क्रमांकावर तक्रार करा, पोलीस ठाण्यात जा, आणि त्याआधी घरी सांगा.

शेवटी मंडळाविषयी. ज्ञातिसंस्था वह्या वाटते, लग्ने जुळविते, स्मरणिका काढते. ती याहून अधिक करू शकते काय? इतिहास 'होय' म्हणतो. जर्मनीत १८५० साली शुल्झ-डेलिट्श या गृहस्थाने आपल्या गावच्या कारागिरांची परस्पर कर्ज देणारी मंडळी स्थापिली. आपल्या देशात अशी पहिली मंडळी बडोद्यास १८८९ साली निघाली, आणि तिचे प्रवर्तक विठ्ठल लक्ष्मण कवठेकर हे मराठी गृहस्थ होते. मुंबईत १९०६ साली एका ज्ञातीच्या लोकांनी आपसांतील गरजूंसाठी शामराव विठ्ठल या नावाने लहानशी सहकारी पतसंस्था काढली. आज ती मोठी बँक आहे आणि तिचे दार सर्वांना खुले आहे. ज्या १९७६ साली आम्ही ३०० रुपयांसाठी हिंडत होतो, त्याच साली बांगलादेशातील जोब्रा गावी मुहम्मद युनूस या प्राध्यापकांनी बांबूची स्टुले विणणाऱ्या स्त्रिया आणि इतर गरीब मिळून ४२ जणांना स्वतःच्या खिशातून २७ डॉलर दिले आणि त्यांना व्यापाऱ्यांच्या पाशातून सोडविले. केवढी लहान रक्कम, आणि केवढे मोठे कार्य त्यातून उभे राहिले!

आमची सूचना लहान आहे. चाळीस कुटुंबांनी प्रत्येकी २,५०० रुपये दिले तर १ लाख होतो. त्यातून धंद्याच्या कामासाठी, एका वेळी १०,००० पर्यंत, बिनव्याजी, दहा हप्त्यांनी परत, असे कर्ज द्यावे. त्यासाठी कायद्याचा सल्ला घेऊन रीतसर नोंदणी व हिशेबतपासणी व्हावी. अर्ज दोनच ज्येष्ठांनी पाहावा आणि चोवीस तासांत उत्तर द्यावे. अहवालात रकमा छापाव्यात, नावे कदापि छापू नयेत. आणि त्या दोघांनी, घरच्या मंडळींसमोरही, ब्र काढू नये. ज्याला हे शेवटचे कलम साधणार नाही त्याने ते पद घेऊ नये. पैसा जमविणे त्या मानाने सोपे आहे. कठीण आहे ते मौन.

काही पैसे बुडतील, असा आक्षेप येईल. येवो. दर वर्षी एखाददुसरा हप्ता बुडाला तरी ती रक्कम एका भोजनाच्या खर्चाहून अधिक होणार नाही. उलट एका तरुणाची हत्यारे विकली जातात तेव्हा बुडते ते आयुष्य असते, आणि ते कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही.

आमचे चुलते आज हयात नाहीत. त्यांनी दिलेल्या ३०० रुपयांची गोष्ट त्यांच्या मुलांनाही ठाऊक नव्हती. त्यांच्या तेराव्याला आम्हीच ती सांगितली, तेव्हा मांडवातील आणखी तिघे पुढे होऊन म्हणाले, "आम्हांलाही दिले होते." एवढी वर्षे आम्ही चौघे एकमेकांना ओळखत होतो आणि एकमेकांविषयी हे कोणालाच माहीत नव्हते. आपले मंडळ अशा चुलत्याची जागा घेवो, एवढीच आमची इच्छा आहे.